विजयमालाचा हलका दगड

१९७४ सालचा फेब्रुवारी. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठून महिना झाला होता. सोलापुरातल्या एका कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत दाक्षायणी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली होती, आणि समोर जे दिसत होतं त्याचा तिला काही केल्या अर्थ लागत नव्हता.

दाक्षायणीनं धारवाडला एम.एस्सी. केलं होतं आणि चार वर्षांपासून ती इथं शिकवत होती. आपल्याकडचा काळा दगड कागदासारखा पातळ घासून काचेच्या पट्टीवर चिकटवला की त्यातून उजेड आरपार जातो. मायक्रोस्कोपमध्ये एक भिंग खाली आणि एक वर, अशी दोन खास भिंगं आडवी-उभी लावली की त्या दगडातल्या फेल्डस्पार या खनिजाच्या बारीक काड्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी उजळतात. खालची तबकडी फिरवावी तशी काडी विझते, आणखी फिरवली की पुन्हा उजळते. स्फटिकाच्या आत अणू रांगेनं, शिस्तीत बसलेले असतात, म्हणून हा खेळ होतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना हा खेळ दाखवला की वर्गात हमखास ‘अरे वा’ उठायचं.

चार नंबरच्या स्लाइडमध्ये काड्या होत्या. कडा सरळ, टोकं नीट, जशा असाव्यात तशाच. पण एकही उजळत नव्हती. तिनं तबकडी पूर्ण फिरवली, तरी काळोख. भिंगं पुसली, दिवा बदलला. तीन नंबरची स्लाइड ठेवली तर ती झगझगीत उजळली. परत चार नंबर ठेवली, पुन्हा काळोख.

“चनमल्लप्पा, ही स्लाइड काहीतरी बिघडलीय.”

चनमल्लप्पा प्रयोगशाळेत वीस वर्षं दगड घासत होता. घासायच्या कार्बोरंडमच्या पुडीनं त्याच्या बोटांवरच्या रेघा पुसून गेल्या होत्या. तो जवळ आला, त्यानंही डोळा लावला आणि दुखावल्या सुरात म्हणाला, “बाई, माझी स्लाइड बिघडत न्हाय. दगडच तसला असंल.”

“दगड असा असत नाही.”

“मग दुसरी करतो की.”

त्यानं दोन दिवस खपून दुसरी केली. तीही तशीच निघाली. दाक्षायणी घरी आली ती तोच विचार डोक्यात घेऊन. शुक्रवार पेठेत तिच्या वडिलांचं ज्वारीचं दुकान होतं आणि दुकानामागं घर. आई शांतम्मा ताट वाढून म्हणाली, “ऊटा माडव्वा, जेवून घे,” तरी ती भाकरीचा तुकडा हातात धरून बसली होती. शेवटी आईनंच निदान केलं, की चष्म्याचा नंबर वाढला असणार. दाक्षायणी खरंच दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. नंबर होता तेवढाच होता.

हे दगड आले होते टेंभुर्णीजवळच्या एका वस्तीवरून. रावजी नावाचा शेतकरी विहीर खणत होता. पस्तीस फुटांवर पाषाण लागला, सुरुंग लावूनही काम पुढं सरकेना. तेव्हा कुणीतरी त्याला सांगितलं, सोलापूरच्या कॉलेजात दगड ओळखणारी माणसं आहेत. एके दिवशी तो धोतर-पटका घालून, खांद्यावर पिशवी घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. पिशवीत सात दगड होते.

“बाई, ह्या दगडाखाली पानी हाय का न्हाय एवढंच सांगा. लई उपकार हुतील.”

दाक्षायणीनं दगडांना नंबर दिले. सहा दगड गच्च, जड, नेहमीचे. चौथा मात्र हलका, मूठभर, बारीक भोकांचा आणि एका अंगानं गुळगुळीत. असला भोकांचा दगडही आपल्याकडे ठायी ठायी मिळतो, म्हणून तिला त्याचं नवल वाटलं नाही. गुळगुळीत बाजू पाण्यानं झिजली असेल, असं ती समजली. बाकीच्या दगडांत बारीक भेगा होत्या आणि भेगांत पांढरा थर धरला होता. म्हणजे त्यातून कधीतरी पाणी वाहिलं होतं. तिनं रावजीला कार्डावर कळवलं, आणखी आठ-दहा फूट जा. बेचाळीस फुटांवर झरा लागला आणि त्या दिवसापासून रावजीच्या लेखी दाक्षायणीचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द झाला.

पण चार नंबरच्या दगडाचं काय?

धारवाडच्या सरांनी वर्गात एकदा एक गोष्ट सांगितली होती, ती तिला तिसऱ्या दिवशी बस स्टॉपवर उभी असताना आठवली. स्फटिकाला धक्का बसला, नुसता हातोड्याचा नव्हे, आभाळातून मोठा दगड येऊन आदळल्याचा, तर त्या धक्क्याची लाट क्षणाच्या लाखाव्या हिश्शात स्फटिकातून निघून जाते. दाब लाखो वातावरणांएवढा. अणूंच्या रांगा जागच्या जागी कोसळतात. वितळून वाहायलाही त्यांना सवड मिळत नाही. त्यामुळं बाहेरून आकार तोच राहतो आणि आत मात्र स्फटिक उरत नाही, काच होते. शंभर वर्षांपूर्वी बिहारमध्ये पडलेल्या एका उल्केत ही काच पहिल्यांदा ओळखली गेली. आणि गेल्याच वर्षी लोणारच्या तळ्याजवळच्या दगडांतही ती सापडल्याचं छापून आलं होतं. लोणारचं तळं ज्वालामुखीनं नव्हे, उल्केच्या माऱ्यानं झालं, याचा तो पुरावा होता.

तिनं दुसऱ्या खनिजाकडे, पायरॉक्सीनकडे पाहिलं. ते विझलं नव्हतं. पण एकसारखं उजळण्याऐवजी ते तुकड्या-तुकड्यानं उजळत होतं, फुटलेल्या बांगडीसारखं. सरांनी सांगितलेलं हेच.

लोणार कुठं, टेंभुर्णी कुठं! टेंभुर्णीच्या आसपास ना खड्डा ना तळं. मग धक्का बसला कशाचा?

विभागप्रमुख पंचाक्षरी सरांनी पहिल्यांदा हसण्यावारी नेलं. “दाक्षायणीबाई, चिकटवायचा डिंक उकळला असेल. स्लाइड खराब.” तिनं दुसरी स्लाइड दाखवली. सर पाच मिनिटं मायक्रोस्कोपवरून उठले नाहीत. उठले तेव्हा त्यांचा चेहराच बदलला होता. सर बावीस वर्षं शिकवत होते. पाठ्यपुस्तकातल्या आकृत्या फळ्यावर काढण्यापलीकडे त्यांच्या हातून काही झालं नव्हतं, आणि ते त्यांना कुठंतरी सलत असावं.

“बाई, हे जर खरं असेल,” ते हळू आवाजात म्हणाले, “तर देशातलं दुसरं लोणार आपल्या जिल्ह्यात आहे.”

“पण सर, सुरुंगानंही झालं असेल. त्यांनी विहिरीत सुरुंग लावलेत.”

“मग जाऊन बघून या.”

मार्चमध्ये ती एस.टी.नं टेंभुर्णीला गेली. रावजी स्टँडवर बैलगाडी घेऊन उभा होता. विहिरीवर गेल्यावर तिनं सुरुंगाचं भोक जिथं मारलं होतं त्याच्या अगदी लगतचे दगड मागितले. रावजी स्वतः उतरून ते काढून आणायला लागला. तेवढ्यात त्याची बायको विजयमाला चहा घेऊन आली. तिशीची, सडपातळ, बोलताना पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळणारी. दाक्षायणी दगडांवर नंबर घालत होती. विजयमाला थोडा वेळ बघत उभी राहिली.

“बाई, ते आधीचं दगड तुमी परत देता का?”

“हवे असतील तर देईन की. का हो?”

“न्हाय, आपलं इचारलं,” असं म्हणून ती कपबश्या घेऊन निघून गेली. दाक्षायणीला वाटलं, खेडेगावची माणसं, आपली वस्तू मोजून परत घेण्याची सवय असेल.

चनमल्लप्पानं सुरुंगाजवळच्या नऊ दगडांच्या नऊ स्लाइडी केल्या. दाक्षायणीनं एकेक लावली. काड्या भेगाळल्या होत्या, काही मधोमध तुटल्या होत्या, पण उजळत होत्या सगळ्या. तिनं पुस्तकातून आकडे काढून पाहिले. सुरुंगाच्या दारूचा दाब काच व्हायला लागणाऱ्या दाबाच्या दहाव्या हिश्शालाही पोचत नव्हता. म्हणजे सुरुंग नव्हे. विहिरीतल्या इतर कुठल्याही दगडाला तसला धक्का बसलेला नव्हता. एकाच दगडाला बसला, आणि शेजारच्यांना त्याचा पत्ताही नाही? अंगणात वीज पडावी आणि एकाच घराचं कौल फुटावं, तेही शेजारची पणती न विझता, असं काहीसं ते होतं.

ती धारवाडच्या सरांना लिहायला बसली. तीन वेळा पत्र लिहिलं आणि तीन वेळा फाडलं. काय विचारायचं तेच तिला ठरवता येईना. चौथ्यांदा लिहून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं चार ओळींचं: स्लाइड खरी वाटते. जागा खोटी वाटते. दगड नक्की कुणी, कुठून उचलला ते डोळ्यांनी पाहिलं आहे का?

पाहिलं नव्हतं. रावजीनं पिशवी आणून दिली होती आणि तिनं विश्वास ठेवला होता. हे पत्र पंचाक्षरी सरांना दाखवायचं म्हणून ती सकाळी कॉलेजात गेली, तर स्टाफरूममध्ये सगळे तिच्याकडे बघून हसत होते. टेबलावर सोलापुरातल्या एका दैनिकाचा अंक पडला होता. पहिल्याच पानावर मथळा होता, ‘टेंभुर्णीजवळ उल्कापाताचे विवर?’ खाली पंचाक्षरी सरांचा फोटो आणि ‘सहकारी दाक्षायणी यांच्या मदतीने’ अशी एक ओळ.

“सर, अजून काही पक्कं नाही.”

“प्रश्नचिन्ह टाकलंय की,” सर म्हणाले. “नागपूरच्या परिषदेला निबंध पाठवलाय. तुमचं नाव दुसरं आहे.”

तिला राग यायला हवा होता. पण तिच्या मनात राग, भीती आणि थोडासा आनंदही असं सगळं एकत्र कालवलं गेलं होतं. छापलेलं आपलं नाव तिनं दोनदा वाचलं, आणि तसं वाचल्याची तिची तिलाच लाज वाटली.

त्यानंतर आठव्या दिवशी, रविवारी सकाळी, रावजी आणि विजयमाला शुक्रवार पेठेत तिच्या घरी आले. रावजीचा चेहरा उतरला होता. दुकानात वडील चनबसप्पा होते. त्यांनी दोघांना आत पाठवलं. शांतम्मानं पाणी दिलं. रावजीनं तांब्या हातात धरून ठेवला, प्यायला नाही.

“बाई, घोळ झालाय. पेपरात आलं की हिरीत तारा पडलाय. तवापासनं लोक येत्यात. कुणी नारळ फोडतंय, कुणी हळद-कुंकू टाकतंय. पानी प्यायचं का पुजायचं, कळंना झालंय. आणि गडी खाली उतरंनात. म्हंत्यात, ताऱ्याच्या अंगावर पाय पडंल. बांधकाम थांबलंय. पावसाळ्याआदी कडं बांधलं न्हाय तर हीर ढासळंल.”

“मी येते, लोकांना समजावून सांगते—”

“बाई,” विजयमाला मध्येच बोलली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. “त्यो दगड हिरीतला न्हाय.”

रावजी वळून तिच्याकडे बघायला लागला.

“त्यो माजा हाय. पाय घासायचा. ह्यांनी पिशवी भरून ठिवली व्हती, त्यात मीच घातला.”

“आन् का?” रावजी ओरडलाच.

“का म्हंजे? इतकी वर्सं पाय घासतीय त्यानं. बाकीचं दगड जड, ह्यो हलका का? कुणाला इचारू? म्हटलं शिकल्याली बाई बघनारच हाय, तर बघू दे. तुमाला सांगितलं असतं तर हसला असता.”

दाक्षायणी पुढं सरकली. “विजयमालाबाई, हा दगड तुम्हाला मिळाला कुठं?”

“माहेरचा हाय. माजा बाप रोडरोलरवर डायवर. आमी लहानपनी लोनारला व्हतो. तळ्याच्या काठाला. आयनं तितनं उचलला. बापाची बदली टेंभुर्णीला झाली तवा आयनं सामानात घेतला, आन् माज्या लग्नात मला दिला.”

दाक्षायणी खाली बसली. आधी तिला हसू फुटलं, मग डोळ्यांत पाणी आलं. तिचे डोळे ठीक होते. चनमल्लप्पाची स्लाइड ठीक होती. एका अंगानं गुळगुळीत झालेला तो दगड पाण्यानं नव्हे, दोन बायकांच्या टाचांनी झिजला होता. दोन महिने जिच्यासाठी तिची झोप उडाली होती ती गोष्ट शंभर टक्के खरी होती, फक्त दोनशे मैल चुकीच्या जागी. चूक कुणाची म्हणायची तेही तिला ठरवता येईना. विजयमालाची? तिनं तर प्रश्न विचारला होता. विचारायची तीच एक रीत तिच्या हातात होती.

“आता मला बोल लावनार लोक,” विजयमाला म्हणाली.

“तुम्हाला नाही. मला लावतील,” दाक्षायणी म्हणाली. “मी विचारलंच नाही कुणाला.”

सोमवारी तिनं पंचाक्षरी सरांना सगळं सांगितलं.

“ती बाई खरं बोलते कशावरून?”

“विहिरीतल्या एकाही दुसऱ्या दगडात काही नाही, सर. आणि हा दगड लोणारच्या वर्णनाशी तंतोतंत जुळतो.”

“परिषद होऊ द्या. मग बघू.”

“परिषदेत कुणी दुसरा दगड मागितला तर काय दाखवायचं?”

“दाक्षायणीबाई, तुम्हाला पुढं खूप वर्षं आहेत. मला नाहीत.” एवढं बोलून त्यांनी हजेरीपट उघडला.

ती दारात घुटमळली. सरांची तिला दया आली, आणि दया येतेय याचंही वाईट वाटलं. घरी वडिलांना विचारावं असं मनात आलं, पण वडील काय म्हणतील ते तिला ठाऊक होतं आणि ते ऐकायची तिची तयारी नव्हती. दोन दिवस ती वर्गात चुकीच्या खनिजांची नावं सांगत होती. तिसऱ्या दिवशी तिनं दैनिकाच्या कचेरीत जाऊन खुलासा दिला. दगड विहिरीतला नाही, लोणारहून आणलेला आहे, तो कुठून आला याची चौकशी न करण्याची चूक माझी आहे. खाली तिनं एकटीनं सही केली. विजयमालाचं नाव घातलं नाही, सरांचंही नाही. तसाच एक कागद तिनं परिषदेला पाठवला.

खुलासा पाचव्या पानावर, कापसाच्या भावांच्या खाली छापून आला. बहुतेकांनी तो वाचलाच नाही. पण रावजीनं तो अंक वस्तीवर नेला, शाळेच्या मास्तरांकडून चार माणसांत मोठ्यानं वाचून घेतला, आणि गडी विहिरीत उतरले. मृगाच्या आधी कडं बांधून झालं. सर मात्र जूनपर्यंत दाक्षायणीशी बोलले नाहीत. जूनमध्ये एक दिवस ते तिच्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, “ती स्लाइड जरा द्या, मला शांतपणे बघायचीय.” आणि तासभर एकटेच मायक्रोस्कोपवर बसून राहिले. उठताना त्यांनी स्लाइड पुसून परत दिली. त्यांना काय वाटलं ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

ऑगस्टमध्ये विजयमाला दगड परत न्यायला आली. अर्धाअधिक दगड कापण्या-घासण्यात संपला होता. दाक्षायणीनं उरलेला तुकडा तिच्या हातात ठेवून माफी मागितली आणि तिला मायक्रोस्कोपसमोर बसवलं.

“ह्या काड्या बघा. आकार दिसतो ना? आता मी हे भिंग लावते.”

“आंधार झाला.”

“तेच. धक्का इतका जबर आणि इतका झटक्यात बसला, की आतली सगळी वीण मोडली. बाहेरचा आकार जागच्या जागी राहिला. आणि दगडाच्या आतून वाफा, वायू सुटले, भोकं पडली, म्हणून तो हलका.”

विजयमालानं डोळा काढला, परत लावला. “कवा बसला ह्यो धक्का?”

“काही हजार वर्षांपूर्वी. नक्की कुणाला माहीत नाही.”

“आन् त्या वक्ताला तितं मान्सं व्हती?”

हा प्रश्न दाक्षायणीला कधी पडलाच नव्हता. “मला माहीत नाही,” ती म्हणाली.

“तुमास्नी पन?” विजयमालाला त्याचं जरा बरं वाटलेलं दिसलं. मग थोडं थांबून ती म्हणाली, “आय तितलीच एक जागा दाखवायची. वढ्याच्या काठाला माती ढासळती, तितं असलं दगड लई. वीस वर्सं झाली, मी परत गेली न्हाय.”

दिवाळीच्या सुट्टीत दोघी निघाल्या. रावजीनं विजयमालाला बार्शीच्या स्टँडवर आणून सोडलं आणि पुन्हा पुन्हा बजावलं, “बाईस्नी सोडून कुटं जाऊ नगंस.” बार्शीहून बीड, बीडहून जालना, जालन्याहून लोणार, गाड्या बदलत दोन दिवस गेले. वाटेत विजयमाला खिडकीपाशी बसून एकेक गाव ओळखू पाहत होती आणि बहुतेक वेळा चुकत होती.

तळ्याच्या कड्यावर उभं राहिल्यावर दाक्षायणीनं आधी पिशवी खाली ठेवली. पुस्तकात वाचलेलं वेगळं. खाली केवढी तरी गोल खोल जागा, झाडी, मध्ये हिरवट पाणी. तिनं पिशवीतून नकाशा काढला, होकायंत्र काढलं, नकाशा उलटा धरला, सुलटा धरला. नकाशातला ओढा नेमका कुठला ते तिला समजेना. तीन घळी दिसत होत्या आणि तिन्ही सारख्याच.

विजयमालानं नकाशाकडे पाहिलंही नाही. ती कड्याच्या कडेनं थोडी पुढं गेली, थांबली, मागं वळली, दुसऱ्याच बाजूला चालू लागली. दाक्षायणीला वाटलं, हिलाही आठवत नाही. मग विजयमालानं लुगड्याचा काचा नीट मारला, चपला काढून हातात घेतल्या आणि एका घळीत सरसर उतरायला लागली.

“बाई, हळू या,” तिचा आवाज खालून आला. “माती सुटतीय.”

दाक्षायणी दगडांना धरत धरत तिच्या मागोमाग उतरली. विजयमाला ढासळलेल्या मातीपुढं उकिडवी बसली होती. तिच्यासमोर हलके, भोकांचे दगड पडले होते, पाच-पन्नास तरी. ती एकेक उचलून हातात तोलून बघत होती.

“किती घ्यायचं?” तिनं विचारलं.

“जेवढे पिशवीत मावतील तेवढे,” दाक्षायणी म्हणाली, आणि खाली बसून तिनं कोणता दगड नेमका कुठं पडलाय ते वहीत लिहायला सुरुवात केली.